पेढे घेऊन अकोल्याला

फजिती सगळ्यांचीच होते हो. पण फजिती करून घेण्यासाठी तिकीट काढून, बडनेऱ्याला गाडी बदलून, वर पदरचे पेढे घेऊन परगावी गेलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? नसेल तर पाहून घ्या. तुमच्यासमोर बसून चहा पितोय.

ही साठच्या आसपासची गोष्ट. अमरावतीच्या एका हायस्कुलात मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. दिवसा पोरांना इतिहास शिकवायचो आणि संध्याकाळी युसूफभाईंच्या घड्याळाच्या दुकानात बसून सिनेमावर भांडायचो. युसूफभाई घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात रेडिओ होता, बाकडं होतं, आणि शेजारी चहाचं हॉटेल होतं. भांडायला आणखी काय लागतं?

त्या काळी हिंदी पडद्यावर निम्मे हिरो 'कुमार' होते. त्यातल्या दोघांवरून साऱ्या वऱ्हाडात दोन पार्ट्या पडल्या होत्या. पूर्ण नावं मी घेत नाही, कारण दोन्हीकडचे भक्त अजून हयात आहेत आणि त्यांच्या हातात काठ्या आहेत. आमचा कुमार गंभीर. तो शाल पांघरून खिडकीशी उभा राहायचा, एकदा खोकायचा, आणि सगळं थेटर रुमाल शोधायचं. दुसरा कुमार उड्या मारायचा. झाडाच्या फांदीला लोंबकळून गाणं म्हणायचा. आता यांत कलावंत कोण, हा काय वादाचा विषय आहे?

पण अकोल्याच्या प्रभाकरला तो वादाचा वाटायचा. प्रभाकर माझा कॉलेजातला मित्र. वडील अकोल्याचे नावाजलेले वकील, आणि पोरगा त्या फांदीवाल्याच्या पार्टीचा पुढारी. गंमत अशी की दोन्ही पार्ट्या आपापल्या हिरोला नुसतं 'कुमार' म्हणायच्या. दुसरा कोणी कुमार जगात आहे, हे मान्यच नव्हतं ना!

त्या वर्षी मुंबईच्या मोठ्या सिनेबक्षिसांसाठी हे दोघेही शर्यतीत होते. दिवाळीत प्रभाकर अमरावतीला आला, तेव्हा युसूफभाईंच्या दुकानात जुंपली. शेवटी तोच म्हणाला, "मध्या, पैज लाव. ज्याचा कुमार हरंल त्यानं दुसऱ्याच्या गावाले पेढे घेऊन जायचं. अन टॉकीजमधी सगळ्यायसमोर जिंकणाऱ्याच्या फोटोले हार घालायचा."

"कबूल," मी म्हणालो. मला काय, माझा विजय ठरलेलाच होता.

निकालाची बातमी एका शनिवारी संध्याकाळी रेडिओवर आली. आम्ही दहा-बारा जण दुकानाला लटकलो होतो. युसूफभाईंचा रेडिओ म्हणजे ऐन मोक्याला खरखरणार. बातम्या देणारा म्हणाला, "सर्वश्रेष्ठ अभिनेता का पुरस्कार," मग खर्रर्र झालं, आणि पुढे स्पष्ट शब्द आला, "कुमार को."

मी बाकड्यावरून जी उडी मारली, ती त्या फांदीवाल्यालाही जमली नसती.

युसूफभाई डोळ्याला लावलेलं भिंग काढून म्हणाले, "मास्तर, जरा दम धरा. कोणता कुमार, ते कुठं आयकू आलं? उद्या पेपर येऊ द्या."

"युसूफभाई, कुमार एकच आहे," मी म्हणालो.

आता नियमाप्रमाणे प्रभाकरनं पेढे घेऊन अमरावतीला यायचं होतं. मी घरी बसून वाट पाहायची, बस. पण मला दम निघेना. वाटलं, हा गडी कसला येतो, काहीतरी सबब सांगेल. त्यापेक्षा आपणच जावं, आपणच पेढे न्यावेत, आणि त्याच्या गावात त्याच्या लोकांसमोर त्याचं तोंड गोड करावं. जिंकलेल्या माणसानं इतकं तर करायलाच पाहिजे. मी तडक तार ऑफिसात गेलो आणि तार केली: 'पेढे घेऊन उद्या येतो. हाराची तयारी ठेव.'

रविवारी सकाळी पेपर यायच्या आत मी गाडीत होतो.

बडनेऱ्याला गाडी बदलली. समोरच्या बाकावर एक जाकीटवाले गृहस्थ नागपूरचा पेपर वाचत होते. म्हटलं, युसूफभाईंच्या समाधानासाठी विचारून घ्यावं.

"काका, ते सिनेमाचं बक्षीस कुमारलाच मिळालं ना?"

त्यांनी पान उलटलं, चष्मा वर केला. "हो. कुमारलेच भेटलं."

घ्या. छापील पुरावा झाला. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या गृहस्थांना आमच्या कुमारच्या खोकल्याचे प्रकार समजावून सांगत होतो. त्यांनी मूर्तिजापूरला डबा बदलला.

अकोल्याच्या फलाटावर उतरतो तो काय, प्रभाकर वीस-पंचवीस पोरं घेऊन हजर. माझ्या गळ्यात हार पडला, कोणी पेढ्यांची टोपली घेतली, कोणी पिशवी. मी थक्क झालो. हरलेली माणसं इतकी आनंदी? प्रभाकरनं मला मिठीच मारली.

"मध्या, मानलं बे तुले. मले वाटलं, तू तोंड लपवून बसशीन."

"मी कशाला तोंड लपवू?" मी म्हणालो. "मला वाटलं, तूच लपवशील."

तो खो खो हसला. पोरंही हसली. म्हटलं, अकोल्याची माणसं बाकी दिलदार. आपल्यानं नसतं झालं.

टांग्यातून आम्ही टॉकीजवर गेलो. दुपारच्या खेळाच्या आधी मॅनेजरनं दहा मिनिटं दिली होती. थेटर भरलेलं, वरती बायकांच्या जागाही भरलेल्या. स्टेजवर एक मोठी तसबीर कापडानं झाकून ठेवली होती. पहिल्या रांगेत प्रभाकरचे वडील, तात्यासाहेब, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. प्रभाकरनं लोकांना सांगितलं, "हे अमरावतीचे मास्तर. पैजेचा शब्द पाळाले सोताहून आले. आता दोन शब्द बोलतीन."

'पैजेचा शब्द' तेवढा जरा खटकला. पण समोर शेकडो माणसं टाळ्या वाजवत असताना खटकलेल्या गोष्टींकडे कोण बघतं?

मी बोललो. अर्धा तास बोललो असतो, पण मॅनेजर घड्याळ दाखवत होता. म्हणालो, "आज खऱ्या कलेचा मान झाला. बक्षीस योग्य माणसाच्या हातात गेलं. ज्यांना कुमारची किंमत कळत नव्हती, त्यांचे डोळे आज उघडले असतील."

टाळ्यांचा कडकडाट. प्रभाकर तर डोळे पुसत होता. मी आणखी रंगात आलो. "पडद्यावर मरावं तर कुमारनंच. काय ते मरण, काय तो शेवटचा खोकला."

इथे जरा शांतता झाली. मागून एकानं दुसऱ्याला विचारलेलं मला स्टेजवर ऐकू आलं, "आपला कुमार कधी मेला बे?"

मला त्या बिचाऱ्याची कीव आली. म्हटलं, याचा तो सिनेमा पाहायचा राहिला असेल.

मग प्रभाकरनं माझ्या हातात झेंडूचा भलामोठा हार दिला आणि म्हणाला, "चाल, वढ कापड."

मी ओढलं.

फांदीला लोंबकळत, कपाळावर बट सोडून, बत्तीसच्या बत्तीस दात काढून तो उड्यामाऱ्या माझ्याकडे पाहून हसत होता. खाली रंगीत अक्षरांत लिहिलं होतं: 'यंदाचा सर्वोत्कृष्ट अभिनेता'.

तुम्ही कधी भरल्या थेटरात हातात हार घेऊन उभे राहिलाय, आणि एकदम सगळं जग मागे मागे उलगडत गेलंय? टाळ्या, टांगा, फलाटावरची मिठी, जाकीटवाले काका, रेडिओची खरखर, थेट युसूफभाईंच्या भिंगापर्यंत मी मागे जाऊन आलो. हार तसाच हवेत. टाळ्या थांबल्या. प्रभाकर माझ्या कानाशी कुजबुजला, "घाल ना बे. हात भरून आला काय?"

काय करणार होतो? 'थांबा, माझी चूक झाली, हा तो कुमार नव्हे,' असं सांगून पेढ्यांची टोपली परत मागणार होतो? पेढे तर तोवर पाचव्या रांगेपर्यंत पोचले होते. मी डोळे मिटले आणि त्या फांदीवाल्याला हार घातला. थेटर दणाणलं. लोकांना वाटलं, मास्तरांनी भक्तिभावानं डोळे मिटले.

नंतर प्रभाकरच्या घरी जेवायला नेलं. तात्यासाहेब माझ्याकडे एकटक पाहत होते. म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षं वकिली करून राहिलो. कोर्टात हरलेला मानूस मले कधी पान नाही विचारत. हरल्यावर पेढे वाटनारा, अन वरून जिंकनाऱ्याची तारीफ करनारा मानूस मी आजच पायला."

"त्यात काय विशेष, तात्यासाहेब," मी म्हणालो. "आपण खेळ म्हणून घ्यायचं."

बघा, तोंडातून गेलं. आता ते परत कसं घेणार?

प्रभाकरची बहीण सुमन वाढत होती. तिनं माझ्या पानात न विचारता आणखी एक पेढा ठेवला. पेढा माझाच होता, हे मी ओळखलं.

अमरावतीला परतलो, तर बातमी माझ्या आधी पोचली होती. आमच्या पार्टीनं माझ्याशी बोलणं टाकलं. युसूफभाई मात्र भिंग न काढता म्हणाले, "मास्तर, हार घातला ते ठीक. पन हरायचेच पेढे होते, त आमाले काहून नाही देले?"

महिनाभरानं तात्यासाहेब स्वतः आमच्या घरी आले. माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या पोराएवढं मोठं मन मी कोनाचं पायलं नाही. आमच्या सुमनले असंच स्थळ पाहिजे." वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा आपलाच मुलगा ना, याची खात्री करून घेत असावेत. लग्न झालं.

पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट लोकांना मोठ्या मनाची म्हणून सांगत आलो. हरलो, तरी ताठ मानेनं गेलो, हार घातला, वगैरे. एकदा असाच पाहुण्यांना सांगत होतो. पाहुणे गेल्यावर सुमन कपबश्या उचलत म्हणाली, "काहून खोटं बोलून राहिले लोकायजवळ? तुमाले वाटलं होतं, तुमचाच कुमार जिंकला."

मी गारच झालो. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाहिजे? मी वरती बायकायमधी बसली होती. कापड वढल्यावर तुमचं तोंड पायलं ना."

"म्हणजे तेव्हापासून तुला माहीत होतं? मग तात्यासाहेबांना का नाही सांगितलंस? लग्नाला हो कशी म्हणालीस?"

तिनं कपबश्या खाली ठेवल्या आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मी म्हटलं, या मानसाले सगळ्या दुनियेच्या मागून समजते. संसार सोपा जाईल."

सोपाच गेला, असं ती सगळ्यांना सांगते. तो नक्की कसा गेला, ते मला अजून समजायचंय.