कुंपणाबाहेरचं चितळ

जंगलाच्या कडेची ही जागा विकणाऱ्याने हरणांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गुलाबाला कळ्या आल्या की चितळं येतात आणि सकाळी नुसते देठ उरतात. म्हणून या उन्हाळ्यात मी बागेभोवती बायकोच्या जुन्या साड्या ताणून बांधल्या.

आज सकाळी साड्यांपलीकडे एक मादी दिसली, अगदी हाडं वर आलेली. मी दगड उचलून ओरडलो. ती दचकली, पण गेली नाही. मान खाली घालून पुन्हा खाऊ लागली.

“अहो, बागेतलं नाही खात ती,” मागून बायको म्हणाली. “झाडाखाली मी देवाचं निर्माल्य टाकते, ते खातेय. आता त्यावरही तुमचाच हक्क का?”

बाजार उठल्यावर पडलेली भाजी वेचून मी मोठा झालो. उरलंसुरलं खाणाऱ्यावर कोणी ओरडलं की कसं वाटतं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

दगड खाली टाकला असता तर आवाजाने ती पळाली असती. तिचं खाऊन होईपर्यंत मी तो हातात धरून उभा राहिलो.