खिडकीकडची गादी

शिगेयो त्या सराईत पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात एक बोचकं होतं आणि गालावर नवऱ्याच्या बोटांचे वळ. डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या गावांना असल्या बायका नव्या नव्हत्या. नाव विचारायचं, गाव विचारायचं नाही, स्वयंपाकघरामागची एखादी खोली द्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लावायचं, अशी तिथली रीत. ती खोली शिगेयोची झाली ती झालीच. आता सत्तरी उलटून गेली होती, तरी पाहुण्यांची दारात वाट पाहणं, चहा देणं, खोलीत ताटं मांडणं आणि पाहुणा न्हाणीत गेला की मागे गाद्या घालून ठेवणं, हे सगळं ती त्याच पायांनी करत होती.

पाय शाबूत होते. दगा दिला तो डोक्याने.

पानगळीपासून सुरू झालं. एकदा तिने रिकाम्या खोलीत जेवण नेऊन मांडलं आणि बंद दाराशी गुडघे टेकून "येऊ का आत?" म्हणत बसून राहिली. एकदा दोन पाहुण्यांचे बूट बदलले आणि एक गृहस्थ दुसऱ्याचे बूट घालून स्टेशनावर पोचले. बरोबरची मिसुझु तोंडाची फटकळ. "आजीबाई, आज माझं नाव तरी आठवतंय का?" असं ती सगळ्यांसमोर विचारायची. शिगेयोही तिला सोडायची नाही. "तुझं नाव विसरायला मिळालं तर नवस फेडीन," म्हणायची. सगळे हसायचे, पण खोलीत गेल्यावर ती एकेकाचं नाव आठवून पाहत बसे.

मालकीण कुनिए वाईट बाई नव्हती. सून म्हणून या घरात आली तेव्हा वाकायचं किती आणि हसायचं केव्हा, हे तिला शिगेयोनेच शिकवलं होतं. म्हणूनच तिला बोलायला जड गेलं.

"शिगेयोसान, सेंदाईच्या तुमच्या पुतण्याशी बोलले मी. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी चांगली जागा आहे म्हणे."

"मला हाकलताय?"

"तसं नका हो म्हणू. पण आणखी एक चूक झाली तर मला इलाज राहणार नाही. उद्या तुमच्या हातून कुणाच्या अंगावर उकळतं पाणी पडलं तर?"

पुतण्याचं तोंड शिगेयोने दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला. तिचं सगळं जग म्हणजे ही सराई, गंधकाच्या वासाचं ते पाणी आणि मागची खोली. ती सुटली की मग कसलं जगणं, एवढंच तिला कळत होतं.

अशात किताओका यायचा दिवस आला. समुद्रकाठच्या गावातला हा सुक्या मासळीचा व्यापारी, दरवर्षी पहिल्या बर्फाला बायकोला घेऊन यायचा. बायको मात्सुए. हसरी, लठ्ठ, आणि पाण्यात उतरली की बाहेर यायचं नाव नाही. नवरा तिची वाट पाहत न्हाणीबाहेरच्या बाकावर पेंगत बसायचा. परत जाताना ती वळणापर्यंत गाडीतून रुमाल हलवत राहायची.

सकाळीच कुनिएने शिगेयोला बाजूला घेतलं. "मात्सुएबाई उन्हाळ्यात गेल्या. किताओकासाहेब एकटेच येतायत. एक ताट, एक गादी, आणि बाईंचं नाव काढायचं नाही. मिसुझुलाच पाठवणार होते, पण त्यांनी तुमचंच नाव घेतलं."

शिगेयोला रडू आलं. मग तिने डोळे पुसले आणि दिवसभर मनाशी घोकत राहिली. एक ताट, एक गादी.

दुपारी दारात बुटांचा एकच जोड निघाला. तिने तो उचलून ठेवला, काही बोलली नाही. किताओकाने दरवर्षीसारखं सुक्या माकूळ मासळीचं पुडकं तिच्या हातात दिलं. त्याचा सदरा गळ्याशी सैल झाला होता. संध्याकाळी तिने एकच ताट मांडलं, धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं वाढलं, बर्फाबद्दल दोन शब्द बोलली. सगळं बिनचूक. किताओका आंघोळीला गेला आणि तिच्या जिवात जीव आला.

गाद्या घालायला जाताना ती बायकांच्या न्हाणीवरून गेली. लाल पडद्याआड कुणीतरी अंगावर पाणी ओतत होतं, सावकाश, तांब्यामागून तांब्या. बसल्या मात्सुएबाई पाण्यात, शिगेयो मनात म्हणाली, आता यांना बाहेर कोण काढतो!

पुढचं हातांनी केलं. कपाटातून दोन गाद्या ओढल्या, नवराबायकोला आवडायच्या तशा कडेला कड लावून घातल्या, चादरी ताणल्या. मग स्वयंपाकघरातून गरम पाण्याची पिशवी भरून आणली, फडक्यात गुंडाळली आणि खिडकीकडच्या गादीत पायथ्याशी सरकवली. बाईंचे पाय कायम गार असत. दिवा मंद करून ती आपल्या खोलीत गेली आणि बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली.

सकाळी न्याहारीच्या वेळी कुनिए पाहुण्याची विचारपूस करायला शिगेयोबरोबर खोलीत गेली. दार सरकलं. दोन गाद्या तशाच होत्या. कुनिएचा चेहरा पांढरा पडला. शिगेयोने एक गादी पाहिली, दुसरी पाहिली, आणि ती दारातच गुडघ्यांवर बसली.

"किताओकासाहेब, आमच्याकडून फार मोठी..." कुनिएने जमिनीला डोकं टेकलं.

"थांबा." किताओका उठून शिगेयोसमोर येऊन बसला आणि त्यानेच दोन्ही हात चटईवर टेकले. "शिगेयोसान, घरी मुलांनी हिची गादी, ही गेल्यावर पस्तीस दिवसांच्या आत काढून टाकली. मला त्रास नको म्हणून. हिचं नाव कुणी घेत नाही. मी खोलीत आलो की सगळे गप्प. काल इथेही तसंच वाटलं, खरं सांगतो, उगाच आलो असं वाटलं."

त्याने खिडकीकडच्या गादीकडे पाहिलं.

"मग झोपायला आलो आणि हे पाहिलं. तिच्या पांघरुणात हात घातला तर पायाशी ऊब होती. ती गेल्यापासून मी रडलोच नव्हतो हो. पुढच्या वर्षीही येईन. याच बाईंच्या हातच्या गाद्या हव्यात."

शिगेयोने कपाळ चटईला लावलं आणि तिथेच ठेवलं, कारण वर पाहायची तिला लाज वाटत होती.

बाहेर पडवीत कुनिएने तिचा दंड धरला. "तुम्ही मुद्दाम घातलीत ना?"

शिगेयोच्या डोळ्यांपुढे मागची खोली आली. "हो," ती म्हणाली.

"आणि मी तुम्हाला शहाणपण शिकवत होते!" कुनिएचे डोळे भरले. "पाहुण्यांना निरोप दिला की पुतण्याला फोन करते. कुठे जायचं नाही तुम्ही."

शिगेयोला आनंद झाला. खोटा असला तरी आनंदच तो.

निरोपाला सगळे दारापुढच्या बर्फात उभे राहिले. गाडी देवदारांच्या वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवायचा आणि वाकून राहायचं, हा या घराचा नेम. किताओकाने काच खाली करून मान लववली. गाडी निघाली, पूल ओलांडला, वळणावर लहान झाली, दिसेनाशी झाली. मिसुझु हातावर फुंकर घालत आत पळाली. शिगेयोचा हात वरच होता.

"चला शिगेयोसान, गेली गाडी."

"अहो थांबा जरा," शिगेयो वळणाकडे पाहत म्हणाली, "बाईंनी अजून रुमाल कुठे हलवलाय? रागावल्या की काय माझ्यावर?"

उत्तरासाठी शिगेयोने वळून कुनिएकडे पाहिलं. मालकिणीच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. शिगेयोने हात हळूच खाली घेतला आणि बाहीत लपवला.

देवदारांवरून बर्फ घसरून पडत होता.

"पुतण्याला फोन करू नका," शिगेयो म्हणाली. "ठरलंय तसंच होऊ दे. मुद्दाम नव्हती घातली मी गादी."

"कळलं मला."

"किताओकासाहेबांना मात्र कधी सांगू नका. पुढच्या वर्षी मिसुझु घालील. तिला नीट सांगून ठेवा, गाद्या कडेला कड. आणि पिशवी विसरायची नाही."

"कुठल्या गादीत?" कुनिएने विचारलं.

"खिडकीकडच्या," शिगेयो म्हणाली. "बाईंचे पाय फार गार पडतात."