मशीन दोनदा वाजलं

आमच्या घरात कागदपत्रांचा जाणकार म्हणजे मी. ही पदवी मला कुणी दिलेली नाही, मीच घेतलेली आहे. आधारकार्डाच्या दहा झेरॉक्स, प्रत्येकीवर आधीच सही ठोकून, माझ्या फायलीत कायम तयार असत. कुणी मागायचा अवकाश, की दिलीच. बायको म्हणायची, "लग्नाच्या पत्रिकाही इतक्या सढळ हातानं वाटल्या नव्हत्यात."

त्यामुळे २०१७ साली मावशींना पहिला मोबाइल घ्यायचा होता, तेव्हा सोबत अर्थातच मी गेलो. मावशी तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरच्या. आमच्या चिखल्याच्या वाडीत वीस वर्षं चिकू काढायला येत होत्या. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिलेली. सही मात्र चाळिशीनंतर शिकल्या होत्या आणि ती अगदी सावकाश, एखादं रोप लावावं तशी करायच्या.

डहाणूत रस्त्याकडेला छत्री लावून एक जण सिमकार्डं विकत होता. तेव्हा आधारनंबर सांगून मशीनवर बोट टेकलं की सिम मिळायचं. पण मावशींचं बोट मशीनला ओळखू येईना. चिकूचा चीक आणि जन्मभराची कामं यांनी रेघा पार पुसट झालेल्या. मावशींनी पदराला बोट पुसलं, लावलं, पुन्हा पुसलं. तोवर मुकं असलेलं मशीन चौथ्या खेपेला वाजलं.

"नाही आलं," विक्रेता म्हणाला. "परत लावा."

परत लावलं. परत वाजलं.

"भाऊ, ते आधीच वाजलं होतं ना?" मावशींनी मला विचारलं.

"अहो मावशी, मशीन आहे ते, वाजायचंच." मला बोर्डीची बस गाठायची होती. शिवाय यंत्रांबद्दल आपल्याला कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

वर्षभरानं एका सकाळी मावशी वाडीत आल्या त्या कामाला हात न लावता सरळ ओटीवर येऊन बसल्या. आदल्या दिवशी पाड्यावर दोन पोलीस आले होते. मावशींच्या नावावरच्या कुठल्याशा नंबरवरून कुणीतरी 'बँकेतून बोलतोय' असं सांगून एका म्हाताऱ्या गृहस्थांना फसवलं होतं. मावशींना पोलीस ठाण्यात बोलावलं होतं.

"मना शाळेत पोरांचं जेवण शिजवायचं काम मिळालंय," मावशी म्हणाल्या. "गुन्ह्यात नाव आलं तर ते जाईल. पोरांना कोण जेवू देईल माझ्या हातचं? तुम्ही चला."

त्या रडल्या नाहीत. घाम मला फुटला होता.

ठाण्यात मी आधी बोलायला सुरुवात केली, ही माझी दुसरी चूक. मावशी किती प्रामाणिक, वीस वर्षांत एक चिकू कधी विचारल्याशिवाय उचलला नाही, वगैरे वगैरे. तपास करणाऱ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आरोपीच्या ओळखीचे सगळे हेच सांगतात," ते म्हणाले. "आधार यांचं, बोट यांचं, नंबर यांच्या नावावर. मी काय समजू?"

मग मावशी पुढे सरकल्या.

"साहेब, माझा एकच नंबर हाय. हा." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "तुमच्याकडं दुसऱ्या नंबरचा कागद हाय. आता माझ्या नंबरचा पण मागवा. दोन्हीवर टाइम बघा."

"टाइम कशाला?"

"मशीन दोनदा वाजलं होतं. मी तेव्हाच बोलले. हे भाऊ बोलले, वाजायचंच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

कागद यायला आठवडा लागला. तो आठवडा मावशी रोज कामाला आल्या. शाळेतल्या बायांना मात्र त्यांनी आपणहून सांगून टाकलं होतं, की पोलीस का आले आणि कागद अजून यायचाय. मी असतो तर ताप आल्याचं सांगून घरात बसलो असतो.

कागद आले. दिवस तोच, विक्रेता तोच, दोन्ही सिमांमध्ये चार मिनिटांचं अंतर. पहिल्या वाजण्याला मावशींच्या नावावर एक सिम निघालं होतं आणि ते त्यानं दुसऱ्याला विकलं होतं. दुसऱ्या वाजण्याचं मावशींच्या हातात पडलं. साहेबांचा आवाजच बदलला. दुसऱ्याची ओळख अशी वापरणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं त्यांनी मावशींना समजावलं. वर म्हणाले, "बोट लावायच्या आधी विचारत जा, कशासाठी. स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगत जा. आणि कुठं झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर आडवं लिहा, कोणत्या कामासाठी आणि कधी." हे सगळं ते मावशींना सांगत होते, पण नजर माझ्यावर होती. माझ्या फायलीचा वास त्यांना कसा लागला कोण जाणे.

"म्हणजे आता मी आरोपी नाय?" मावशींनी विचारलं.

"नाही. तुम्ही साक्षीदार."

"तसं लिहून द्या. शाळेत दाखवायचंय."

साहेब हसले आणि खरंच लिहून दिलं. मग जबाब झाला. मावशींनी तो हवालदाराकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतला. एका ठिकाणी थांबवून, 'चौथ्या वेळेला वाजलं' असं घालायला लावलं. मगच ती सावकाश सही केली.

नंतर माझा जबाब पुढे आला. मी खिशातून पेन काढलं आणि सवयीनं सही करायला वाकलो.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "वाचलंत काय?"

हवालदार हसला. मी खुर्चीत नीट बसलो, चष्मा लावला आणि वाचू लागलो. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, की सदर दिवशी मी स्वतः मावशींच्या नावे दोन सिमकार्डे खरेदी केली.