हेडलाइटच्या रिंगवरचं नाव
चिंचेनं पितळ घासल्याचा आंबट वास आला की बाबांच्या जुन्या मोटरसायकलची हेडलाइटची रिंग आठवते. ती चेपली होती, मुलामा उडून आतलं पितळ दिसत होतं. नागपूरहून आणलेली नवी नक्कल काही केल्या बसेना, म्हणून जुनीच घेऊन भंडाऱ्यातल्या, पितळेची भांडी घडवणाऱ्या म्हाताऱ्या कसाराकडे गेलो. "असली घरी असून नकली कायले आनली, भाऊ?" म्हणत त्यानं गुंडाचा, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरीचा, पोचा काढावा तशी ती ठोकून गोल केली, चिंचेनं लखलखीत घासली आणि भांड्यांवर नावं कोरायच्या सवयीनं विचारलं, "नाव कोनाचं टाकू?" मी म्हणालो, "तुमचंच." जन्मभर लोकांची नावं कोरलेल्या त्या हातानं रिंग उलटी करून आतल्या बाजूला स्वतःचं नाव कोरलं. आज कोणी विचारतं, रिंग कुठून मागवली. मी स्क्रू काढून आतलं नाव दाखवतो.