बेचाळीस पावलांवरचं घर

सावित्रम्मा तोळणुरे रस्त्याने चालताना उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत असत. हात पदराखाली असे. भवानी पेठेतल्या बायकांना वाटे, बाई पंचाक्षरी जपते आहे. बाई पावलं मोजत असे.

१९७४ साली त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. नवरा गुरुलिंग यांचं धान्याचं दुकान होतं. दोन्ही मुली लग्न होऊन अक्कलकोटकडे गेल्या होत्या. जेवणं उरकल्यावर दुपारी जो वेळ मिळे त्यात त्यांनी अकरा कादंबऱ्या लिहिल्या. नाव घातलं 'रमाकांत प्रभंजन'. प्रेम, पाठलाग, एखादा खून. पुण्याचा एक प्रकाशक त्या छापी आणि गावोगावच्या वाचनालयांत त्या पानं सुटेपर्यंत फिरत. लेखक कोण, हे गुरुलिंग आणि प्रकाशक सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुलिंग एकदाच म्हणाले होते, "लिही बापडी. पण पेठेत कळलं तर मला दुकानात बसता यायचं नाही."

त्यांचा एक नियम होता. स्वतः चालून न पाहिलेली जागा लिहायची नाही. नायिकेला श्रीपूरच्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांआड लपवायचं होतं, म्हणून त्या तिथल्या नातेवाइकांकडे चार दिवस राहून आल्या. बैलगाड्यांच्या रांगेत दोन गाड्यांमध्ये माणूस बसेल एवढी जागा असते का, हे त्यांनी स्वतः बसून पाहिलं. गाडीवान हसले. त्यांनी ते हसणंही लिहिलं.

अकराव्या कादंबरीसाठी मात्र त्या लांब गेल्या नाहीत. त्यांची मोठी मावसबहीण पार्वतम्मा दोन गल्ल्या पलीकडे एकटी राही. नवरा गिरणीत होता, तो वारलेला. दर सोमवारी दुपारी ती सिद्धेश्वराच्या देवळात जाई आणि स्वामींसाठी घरात भाकरी आणि शेंगाचटणी झाकून ठेवी. स्वामी म्हणजे भिक्षेला येणारे जंगम. ते येत, दाराशेजारच्या भिंतीतल्या देवळीतली किल्ली घेत, आत जेवत, कुलूप लावून किल्ली परत ठेवत. वीस वर्षं हे चाललं होतं. कफनी, झोळी, घंटा, काठी आणि कपाळावर विभूती असलेल्या माणसाला सोमवारी भरदुपारी पेठेत कुणी हटकत नाही. सावित्रम्मांच्या कादंबरीतला खुनी याच वेशात त्या घरात शिरतो आणि बाई देवळातून परतायची वाट पाहतो. शेजारच्या हातमागांच्या खडखडाटात बाईची हाक कुणाला ऐकू जात नाही. तिचं प्रेत मागच्या विहिरीत सापडतं. कोपऱ्यावरच्या पिंपळापासून दारापर्यंत बेचाळीस पावलं. सावित्रम्मांनी बदलला तो फक्त दाराचा रंग.

सप्टेंबरात प्रकाशकाकडून एका वाचकाचं पत्र आलं. नातेपुत्याचा कुणी हिंदुराव. अक्षर वळणदार. 'सोलापूरला आलो होतो. तुमच्या पुस्तकाप्रमाणे चाललो. पिंपळ सापडला, घर सापडलं. सगळं तंतोतंत. फक्त दार निळं आहे.'

सावित्रम्मांनी पत्र चुलीत घातलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पार्वतम्माला सांगायचं तर पुस्तकाचं सांगावं लागणार होतं. 'आता कशाला येतोय तो परत' असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि गप्प बसल्या. ही चूक त्यांनी पुढे पार्वतम्मापासून लपवली नाही.

दुसरं पत्र ऑक्टोबरातल्या एका सोमवारी आलं. पुण्याला जाऊन आल्यामुळे त्याला आठवडा लागला होता. 'देवळीत किल्ली आहे. हात घालून पाहिलं आणि परत ठेवली. कफनी शिवून घेतली आहे. येत्या सोमवारी जाईन म्हणतो.' सावित्रम्मांनी बोटांवर दिवस मोजले. तो सोमवार आजचा होता. गिरणीचा बाराचा भोंगा वाजून गेला होता.

त्या तशाच निघाल्या. पिंपळापाशी आल्यावर अंगठा आपोआप पेरांवर चालू लागला, तो त्यांना थांबवता येईना. बेचाळीसला दार. पार्वतम्मा देवळात असेल, घर रिकामं असेल, एवढीच आशा होती. पण दाराला कुलूप नव्हतं. देवळीत किल्लीही नव्हती. शेजारचे माग चालू होते. दार ढकललं तेव्हा त्याचा करकर आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू आला नाही.

आत पार्वतम्मा भिंतीला टेकून बसली होती. अंगावर घोंगडं. समोर पाटावर कफनीतला एक माणूस. तिशीचा, सडसडीत, दाढी केलेला. शेजारी घंटा, काठी, झोळी. विभूतीचे पट्टे ठसठशीत.

"ये गं सावित्री," पार्वतम्मा म्हणाली. "ताप भरलाय, देवळात नाही गेले. आपले नेहमीचे अय्या गावाला गेलेत म्हणं, आज हे नवे स्वामी आलेत. विहीर कुठं म्हणून विचारत होते. म्हटलं आधी जेवा, मग पाय धुवा नाहीतर आंघोळ करा."

माणसाने सावित्रम्मांकडे पाहिलं, मान लववली आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला.

तेव्हा सावित्रम्मांना दिसलं. जंगम जेवायच्या आधी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतो, पूजा करतो, मग घास घेतो. या माणसाच्या गळ्यात दोरासुद्धा नव्हता. पुस्तकात कफनी होती, झोळी होती, घंटेचा आवाजही होता. लिंग नव्हतं. पेठेत ते कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून त्यांनी ते लिहिलंच नव्हतं. जे त्या लिहायला विसरल्या होत्या तेवढंच हा माणूस विसरला होता.

नातेपुत्याकडच्या माणसाला कन्नड येत नसणार, यावर त्यांनी सगळं सोपवलं. चटणी वाढायला वाकल्यासारखं करून त्या म्हणाल्या, "अक्का, इवर कोरळाग लिंग इल्ला." यांच्या गळ्यात लिंग नाही.

पार्वतम्माने माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही. हात लांबवून कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि भिंतीवर तीनदा आपटलं. डोकं दुखायला लागलं की ती असंच करी आणि पलीकडचा नरसय्या माग थांबवी. सावित्रम्मांना हे माहीत होतं. पुस्तकात त्यांनी ते मुद्दाम घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर खून झालाच नसता.

माग थांबले. घर एकदम शांत झालं.

"क्काय अम्मा, डोकं का?" नरसय्याचा आवाज आला.

"डोकं न्हवं. ये. पोरांना घेऊन ये."

माणसाने हात पुसले. तो घाबरला नव्हता. "बाई, म्या काय करणार न्हवतो," तो म्हणाला. "निस्तं बगत हुतो. समदं तंतोतंत हाय की. तेवडी हीर बगायची ऱ्हायली."

नरसय्या आणि दोन विणकर त्याला एस.टी. स्टँडवर घेऊन गेले आणि अकलूजच्या गाडीत बसवून आले. फौजदाराकडे जायला सावित्रम्मांनी नको म्हटलं. जायचं तर पत्र दाखवावं लागलं असतं. झोळी घरातच राहिली होती. तिच्यात कादंबरी होती. बऱ्याच ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा, आणि बेचाळीसच्या शेजारी समासात लिहिलेलं: 'माझी चाळीस भरली.' विहिरीच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

पार्वतम्माने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "तो येणार हे तुला कुणी सांगितलं?"

सावित्रम्मांनी सगळं सांगितलं. अकरा पुस्तकं, नाव, पावलं, पत्रं. पहिलं पत्र जाळल्याचंही.

"म्हणजे महिना झाला तुला माहीत होतं," पार्वतम्मा म्हणाली.

"हो."

"आणि यात मी मरते."

"हो, अक्का."

पार्वतम्माने पुस्तक झोळीत परत घातलं. मग म्हणाली, "गुरुलिंगाला म्हणावं, मी कुणाला सांगायची नाही. पण माझ्या घरात परत काही मोजायचं नाही."

सावित्रम्मा त्यानंतरही लिहितात. पुस्तकातली गावं आता मनाने घेतलेली असतात. प्रकाशकाची तक्रार आहे की पूर्वीसारखी मजा येत नाही. नातेपुत्याहून पुन्हा पत्र आलेलं नाही. टपाल आलं की पाकीट आधी गुरुलिंग फोडतात.

सोमवारी दोघी बहिणी एकत्र देवळात जातात. पार्वतम्मा कुलूप लावते आणि किल्ली ठेवायला जाते, तेव्हा सावित्रम्मा गल्लीकडे तोंड करून उभ्या राहतात, दोन्ही हात पदराबाहेर, बोटं उघडी.

"झालं," पार्वतम्मा म्हणते. "फिर आता."

मगच त्या फिरतात.