बर्फवाल्या पिक्चरचा इंटरवल

स्क्रीन तीनमधले दिवे लागले आणि कुणी उठलंच नाही.

मी दारात उभा होतो. शुक्रवार, पहिला दिवस, बारा वाजताचा शो. इंटरवल झाला की माणसं कशी उठतात ते मी तीस वर्षं बघितलंय. पाय मोकळे करतात, मोबाइल काढतात, बायकोला विचारतात, काय आणू. इथं अकरा माणसं होती आणि अकराच्या अकरा पडद्याकडं बघत बसली होती. पडद्यावर आमच्याच शहरातल्या एका मंगल कार्यालयाची जाहिरात चालू होती. सनईसकट.

त्याच्या सेकंदभर आधी काय होतं, तर एक छोटं स्टेशन. बर्फ पडतोय. मालगाडीत माणसं कोंबलीत आणि डब्याचं दार सरकत सरकत बंद होतंय. आई आत, सात-आठ वर्षांची पोरगी बाहेर. दार बंद झालं आणि आम्ही इंटरवल दिला.

शेवटी एक बाई उठून माझ्याकडं आल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी. या सरोदे बाई. शहरातल्या छावणी भागात राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या. नाव मला नंतर कळलं.

"मॅनेजर साहेब, त्या पोरीचं पुढं काय झालं ते मला अजून कळायचंय. आणि तुम्ही मला लग्नाचा हॉल दाखवताय."

"बाई, इंटरवल आहे. दहा मिनिटं. चहा घ्या तोवर."

"चहा घशाखाली कसा उतरेल हो?"

बाई परत जाग्यावर जाऊन बसल्या.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगतो. पिक्चर पोलिश होता. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यू लोकांची कत्तल केली, त्यातल्या एका गावाची गोष्ट. नाव असं की आमच्या स्टाफपैकी एकाला नीट म्हणता येईना. म्हणून सगळे त्याला बर्फवाला पिक्चर म्हणायचे. तिकीट खिडकीवर लोकसुद्धा बर्फवाल्याची दोन द्या म्हणून मागायला लागले.

मल्टिप्लेक्समध्ये कुठला पिक्चर कुठल्या स्क्रीनला किती वाजता लावायचा, या कामाला प्रोग्रामिंग म्हणतात. ते मुंबईतून होतं. मी मॅनेजर असलो तरी माझ्या हातात एसी कमी-जास्त करणं आणि भांडणं मिटवणं एवढंच. दोन वर्षं मी आमच्या रीजनल हेडच्या मागं लागलो होतो, बन्सल साहेब, दिवसातला एक तरी शो आम्हाला निवडू द्या, इथली माणसं आम्हाला ठाऊक आहेत. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "ठीक आहे गायकेजी, बारा वाजताचा शो तुमचा. पण पहिला पिक्चर पडला तर तो शो परत माझा."

आणि मी शहाण्यानं पहिलाच पिक्चर हा लावला. बायको म्हणाली, तुम्हाला कुणी सुचवलं हो हे? कुणी नाही. आम्हाला आधी बघायला लिंक येतात, त्यात ही आली होती. एका दुपारी ऑफिसात बसून बघितला आणि मला खुर्चीतून उठवेना. एवढंच कारण. धंद्यात हे कारण चालत नाही.

इंटरवलचंही सांगायला पाहिजे. परदेशी पिक्चरला इंटरवल नसतोच. तो आपण टाकतो. ऑपरेटर मशीनमध्ये एक खूण करतो, तिथं पिक्चर आपोआप थांबतो आणि दिवे लागतात. का टाकतो, तर तिकिटातला मोठा वाटा डिस्ट्रिब्युटर नेतो, म्हणजे ज्यानं पिक्चर वाटलाय तो. थिएटर जगतं कँटीनवर. कँटीन जगतं इंटरवलवर.

आमचा ऑपरेटर शेषराव, रोज फुलंब्रीहून बसनं यायचा. कामात पक्का. मी वर केबिनमध्ये गेलो तर तो खुशीत होता.

"कसा टाकलाय, साहेब? लई टाइट जागी धरलाय. डब्याचं दार बंद, की इंटरवल. मानूस परत आल्याबिगर ऱ्हानारच नाय."

त्याचंही बरोबर होतं. आम्हीच त्याला शिकवलेलं. अडकलेल्या ठिकाणी इंटरवल द्यायचा, म्हणजे लोक समोसा घेऊन पळत परत येतात. त्यानं इतक्या वर्षांची कला पणाला लावून नेमकी ती जागा शोधली होती.

"शेषराव, उद्यापासून इंटरवल काढा."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "काढा म्हंजी? अख्खा?"

"अख्खा."

कँटीन सांभाळणाऱ्या रुबीनाला हे कळायला पाच मिनिटं लागली. ती सरळ ऑफिसात आली. "साब, इंटरवल नहीं तो मैं काउंटर कायकू खोलूँ? मेरा टार्गेट क्या तुमारे पोलंडवाले भरते?" मी म्हणालो, एकच शो आहे रुबीना, सांभाळून घे. ती तोंड फिरवून गेली.

शनिवारपासून पिक्चर सलग चालला, आणि त्या दिवसांचं मला नीट सांगता येत नाही. बाहेर मे महिना. जालना रोडवर ऊन असं की डोळे उघडत नव्हते, सगळा रस्ता पांढरा दिसायचा. मी बाराला स्क्रीन तीनमध्ये शिरायचो आणि मागच्या रांगेत बसायचो. आत अंधार, गारवा, आणि पडद्यावर तासन्‌तास बर्फ. कौलांवर, कुंपणांवर, माणसांच्या टोप्यांवर. कुणी फारसं बोलत नव्हतं. बोललं तरी ती भाषा आपल्याला कळत नाही, पण आई लेकराला हाक मारतेय एवढं कळायचं. त्या हाकेला भाषा लागत नाही.

कधी कधी मला झोप लागली की जागा आहे, तेच समजायचं नाही. डोळे मिटले तरी बर्फ पडत राहायचा. मग मला तो आमच्या गारखेड्याच्या गल्लीतही दिसायचा. गाड्यांवर साचलेला, भाजीच्या हातगाडीवर साचलेला, आणि गल्लीतली सगळी दारं बंद. मी दचकून डोळे उघडायचो. पुढच्या रांगांमध्ये मोजकी डोकी दिसायची, त्यांच्यावर पडद्याचा पांढरा उजेड. शो संपून बाहेर आलं की उन्हात उभं राहून हात बघायचो, खरंच गार पडलेले असायचे. एसीमुळं असेल. पण मला बरं वाटायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी पाय आपसूक तिकडंच वळायचे.

लोकांचंही तसंच झालं. शो संपला की माणसं घरी जाईनात. लॉबीतल्या सोफ्यांवर, पायऱ्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं बसून राहायची. शनिवारी एक तरुण जोडपं तासभर बसलं, हातात हेल्मेट धरून. रुबीना काउंटरमागून बघत होती. थोड्या वेळानं ती आत गेली, स्टाफच्या गॅसवर आपला चहा ठेवला, आल्याचा, मशीनचा नाही, आणि ट्रे घेऊन सगळ्यांपुढं फिरली.

मी म्हणालो, "रुबीना, बिल?"

"मय्यत से आए सो लोगां हैं, साब. इनसे चाय के पैसे लेते क्या?"

मयताच्या घरून आलेल्या माणसाला आपल्याकडं चहाचे पैसे मागत नाहीत. मला ते तोपर्यंत सुचलं नव्हतं. तिनं मात्र पिक्चर न बघता ओळखलं होतं.

रविवारी सरोदे बाई परत आल्या. सोबत त्यांच्या बुद्धविहारातल्या बायका, पंचवीसेक. पांढऱ्या साड्या, काही म्हाताऱ्या, काही सुना. खाली इंग्रजी अक्षरं येणार, ती बऱ्याच जणींना वाचता येणार नव्हती. म्हणून बाई मधोमध बसल्या आणि हळू आवाजात मराठीत सांगत राहिल्या. एरवी थिएटरात कुणी असं बोललं की माझ्याकडं तक्रार येते. त्या दिवशी उलटं झालं. लांब लांब बसलेली बाकीची माणसं एकेक करून उठली आणि बाईंच्या जवळच्या खुर्च्यांवर येऊन बसली. एवढा मोठा हॉल, आणि सगळी माणसं मधल्या चार रांगांत दाटीवाटीनं, एका शिक्षिकेचा आवाज ऐकत. पडद्यावर शिपाई घरोघरी फिरत होते आणि दारांवर खडूनं खुणा करत होते. बाई सांगत होत्या, "आता हे घर. आता ते शेजारचं."

नंतर लॉबीत चहा घेताना त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याशी बोलली. "आमच्या दाराला खडू नव्हता रं बाबा. पन पानी प्यायला गेलं की गावाला बरोबर ठावं असायचं, ही कोन्च्या घरची." एवढं बोलून तिनं बशीतला चहा संपवला. मी रिकामी बशी तिच्या हातातून घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं बघितलं असावं.

सोमवार हा आमच्यात निकालाचा दिवस. शनिवार-रविवार बघून ठरतं, पिक्चर पुढच्या आठवड्यात ठेवायचा की गुरुवारी उतरवायचा. बन्सल साहेबांचा फोन आला.

"गायकेजी, तिकिटं वाईट नाहीत. अकरा, एकोणीस, रविवारी सत्तावन्न. सबटायटलवाल्या पिक्चरला हे चांगलं आहे. पण कँटीन शून्य कसं? सत्तावन्न माणसं सव्वादोन तास बसली आणि एक पॉपकॉर्न नाही?"

"साहेब, इंटरवल काढलाय."

"का?"

मी सांगितलं. दार, पोरगी, मंगल कार्यालय. ते ऐकून घेत होते, वाईट माणूस नव्हता. मग म्हणाले, "बघा, मला वर उत्तर द्यायचं असतं. इंटरवल परत टाका. पिक्चर आणखी एक आठवडा ठेवतो, बाराचा शो कायमचा तुमचा. नाही तर गुरुवारी उतरवा आणि शो मला द्या."

खोटं कशाला सांगू, मी इंटरवल टाकायचं ठरवलं होतं. दोन वर्षं भांडून मिळालेला शो. दहा मिनिटांसाठी कोण सोडतं? या पिक्चरनंतर आणखी किती चांगले लावता आले असते. शेषरावला बोलावून म्हणालो, ती स्टेशनची जागा नको, जरा मऊ जागा बघा. कुणी जेवतंय, कुणी झोपलंय, असलं काहीतरी. बुधवारपर्यंत सांगा.

सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही शो तो वही घेऊन काचेला नाक लावून बसला. ऑपरेटर लोक पिक्चर बघत नाहीत, मशीन बघतात. मी त्याला एवढा वेळ पडद्याकडं बघताना कधी पाहिलं नव्हतं. बुधवारी शो सुटल्यावर खाली आला आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. पानभर वेळा लिहिलेल्या, आणि प्रत्येकीवर काट मारलेली.

"नाय साहेब."

"अहो, जेवणाचा सीन आहे की. सगळे बटाटे खातात तो."

"त्यो बघितला. त्यात म्हातारा आपला बटाटा नातवाला देतोय अन्‌ त्याला सांगतोय मी जेवलो. तिथं दिवे लावू?"

"मग झोपलेत तो?"

"ती पोरगी जागीच हाय त्यात. नीट बघा तुमी." त्यानं वही माझ्याकडं सरकवली. "कुटं बी थांबवलं तरी कुनाला तरी तिथं सोडून आपुन समोसा खायला जायाचं. माज्यानं नाय व्हनार. तुमी ऑर्डर दिली तर टाकतो. पन जागा तुमी सांगा."

मी वही चाळत बसलो. सगळा पिक्चर माझ्या डोळ्यांपुढून जात होता, बर्फ, कौलं, खडू, आणि मी एकेका ठिकाणी मनातल्या मनात दिवे लावून बघत होतो. कुठंच जमेना. वही मिटली आणि बन्सल साहेबांना फोन लावला.

"साहेब, जागा नाही."

"कसली जागा?"

"इंटरवलला."

ते म्हणाले, "ठीक आहे गायकेजी. शुक्रवारपासून तिथं ॲक्शन लावतो," आणि लगेच स्क्रीन एकच्या एसीचं विचारायला लागले.

गुरुवारी शेवटच्या शोला सव्वीस माणसं होती. मी मागच्या रांगेत बसलो, शेषरावही केबिनला कुलूप लावून पहिल्यांदाच खाली येऊन माझ्या शेजारी बसला. शुक्रवारी त्याच पडद्यावर मारामारी सुरू झाली, ऐन मारामारीत इंटरवल पडला, काउंटरवर रांग लागली. रुबीनाचं टार्गेट भरलं. तिनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. बाराचा शो मी रिटायर होईपर्यंत मुंबईकडंच राहिला, आणि मला त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं.

कंपनीच्या रिपोर्टमध्ये त्या पिक्चरपुढं लिहिलंय, सात दिवस, नॉट हेल्ड. म्हणजे दुसऱ्या आठवड्याला ठेवला नाही. धंद्याच्या भाषेत पडला, आणि ते बरोबर आहे, मी वाद घालत नाही. नवे मॅनेजर कधीमधी विचारायला येतात, परदेशी पिक्चर घ्यावा का. त्यांना सांगतो, आधी ऑपरेटरला दाखवा आणि इंटरवलची जागा शोधायला लावा. सापडली तर घ्या, धंदा होईल. नाही सापडली तरी घ्या, पण शो हातचा जाणार हे घरी आधीच सांगून ठेवा.