चित्रावर फिरवलेला हात

आमच्या चित्रकला शिक्षकांत ‘हात फिरवणे’ असा एक शब्द आहे. मुलांचं चित्र स्पर्धेला जायच्या आधी शिक्षकानं त्यावर हात फिरवायचा. वाकडं नाक सरळ करायचं, छाया टाकायची, आभाळाला सफाईदार निळा हात द्यायचा. खाली नाव मुलाचंच. हे बहुतेक सगळे करतात आणि कुणी बोलत नाही. मी दिग्रसकडच्या एका शाळेत वीसेक वर्षं चित्रकला शिकवते. माझा हात फिरलेली चित्रं हमखास नंबरात यायची आणि मला त्याचा माज होता. माज हाच शब्द बरोबर आहे.

एरवी वर्षभर मला कुणी विचारत नाही. माझा तास म्हणजे गणिताच्या सरांचं हक्काचं कुरण, अभ्यासक्रम मागे पडला की ते खुशाल येतात. फलक रंगवायचा, रांगोळी काढायची, पाहुण्यांचं नाव थर्माकोलमध्ये कापायचं, तेवढ्यापुरती मॅडमची आठवण. म्हणून जिल्ह्याची स्पर्धा आली की मी पेटून कामाला लागायची.

त्या वर्षी माझ्याकडे आठवीतली एक मुलगी होती. जवळच्या बंजारा तांड्यावरची. घरी गोरबोली, शाळेत वऱ्हाडी, आणि माझ्याशी जवळजवळ काहीच बोलायची नाही. दिवाळीनंतर तिचे आईबाप ऊसतोडीला जात, तेव्हा ती तांड्यावर आत्याजवळ राहून शाळा करायची. पण आता ती मोळ्या उचलण्याएवढी झाली होती आणि बापानं तिला सोबत न्यायचं ठरवलं होतं. मला हे कळलं तसा मी त्याला शाळेत बोलावून घेतला. पोरीच्या हातात कला आहे, जिल्ह्यात नंबर काढेल, तिची शाळा मोडू नका, असं बरंच सुनावलं.

“नंबर आला तं ठेवतो आत्याजवळ,” तो म्हणाला. “नाई आला तं ते आमच्यासंगं येईन. बोला मॅडम.”

“येणार म्हणजे येणार,” मी म्हणाले. माझ्या बापाचं काय जात होतं.

तिनं चित्र काढलं ते तांडा उसाला निघतो त्याचं. ट्रकमध्ये चढणाऱ्या बायका, सगळ्या पाठमोऱ्या. चेहरा एकीचाही नाही. डोक्यावर बोचकी, माना खांद्यात गेलेल्या, आणि वरचं आभाळ कोरं सोडलेलं. मला ते अपुरं वाटलं. शाळा सुटल्यावर तिला शेजारी बसवून मी ब्रश घेतला. पुढच्या बाईला आमच्याकडे वळवली, तिला डोळे दिले, ओढणीवर आरसे काढले, मागे संध्याकाळ रंगवली. चित्र खुललं. ती बराच वेळ बघत होती.

“माही याडी अशी नाई दिसत, मॅडम,” ती म्हणाली. याडी म्हणजे आई.

“चित्रात अशीच दिसावी लागते,” मी म्हणाले आणि ब्रश धुवायला उठले.

यवतमाळला तीन परीक्षक होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या परीक्षकांनी पहिल्या पाच चित्रांची मुलं समोर बोलावली. असं आधी कधी झालं नव्हतं. त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल दिली. तिला म्हणाले, “ही पुढची बाई आहे ना, ती परत काढून दाखव.”

मी दारात उभी होते. ती खाली बसली आणि तिनं तिची बाई काढली, पाठमोरी, बोचक्याखाली दबलेली. दहा मिनिटंही लागली नसतील. परीक्षकांनी तो कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला.

“हे फार चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण ते भिंतीवरचं तुझं नाही. कुणी काढून दिलं?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. “मीच काढलं,” ती म्हणाली.

परीक्षक माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्हाला माहीत होतं?”

मी काय काय बोलू शकले असते, ते मी तेव्हापासून रोज बोलते. तेव्हा मी म्हणाले, “नाही सर. घरून काढून आणलं होतं तिनं.”

चित्र स्पर्धेतून बाद झालं. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. दारव्हा गेल्यावर तिनं विचारलं, “बाबाले काय सांगू, मॅडम?” मी म्हणाले, नंबर नाही आला म्हणून सांग. तिनं मान हलवली. त्या प्रवासात मला तिची माफी मागता आली असती, शेजारी कुणी ओळखीचंही नव्हतं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

पण गोष्ट शाळेत आमच्या आधी पोचली होती. मुख्याध्यापकांना फोन आला होता आणि माझं म्हणणं त्यांना जसंच्या तसं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बापाला बोलावलं आणि पोरीनं दुसऱ्याचं चित्र स्वतःचं म्हणून दिलं, शाळेची बदनामी केली, असं माझ्यासमोर सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होते. ती बापाच्या मागे उभी होती. तिनं तोंड उघडलं असतं तर मी तिथल्या तिथे संपले असते.

तिनं उघडलं नाही. तिचा बाप माझ्यासमोर आला. डोक्यावरचा रुमाल काढून त्यानं हात जोडले.

“तुमी इतका जीव लावला माह्या पोरीले, अन् तिनं तुमची मान खाली घातली,” तो म्हणाला. “येत्या मंगळवारी उसाले घेऊन जातो. माफ करा, मॅडम.”

“असू द्या,” मी म्हणाले.